दुबई बघून आलेली घोंगडी

मालेच्या फाट्यावर कुणाला दुबईची माहिती हवी असेल तर त्यानं धुळाजीला गाठावं. धुळाजी दुबईला गेलेला नाही, पण ही अडचण त्याला कधी जाणवलेली नाही. पौडच्या पुढं त्याचं फारसं जाणं-येणं नसतं. तरी दुबईतली लिफ्ट किती वेगानं चढते, तिथले रस्ते दिवसातून किती वेळा पुसतात आणि शेखाच्या घोड्याला न्याहारीला काय देतात, हे सगळं तो चहाच्या पहिल्या घोटाला सुरू करतो आणि मेंढरं सोडायची वेळ टळून गेली तरी सांगत बसतो. दुबईला जाऊन आलीय ती त्याची बायको बायजा. चांगले अठ्ठ्याऐंशी दिवस राहून आली. पण तिला कुणी विचारलं तर ती "बरी हाय" एवढंच म्हणते आणि शेळीची धार काढायला बसते. एवढ्या मोठ्या शहराची दोन शब्दांत बोळवण करणाऱ्या बाईचं कोण ऐकणार? गावानं धुळाजीचीच दुबई खरी मानली.

हा सगळा मान त्यांच्या लेकाचा, सिद्धनाथचा. तो दुबईत एका मोठ्या गोदामाचा मॅनेजर आहे. सून वैभवी नेऱ्याची. त्या गावात आता भातापेक्षा बिल्डरांचे बोर्ड जास्त उगवतात, त्यामुळे तिला धनगराच्या घरापेक्षा दुबई जवळची वाटली तर त्यात तिचा दोष नाही. तीही नोकरी करते. दोघांना एक मुलगा, शिवांश, तेव्हा वर्षाच्या आतला.

गेल्या भाद्रपदात सिद्धनाथचा फोन आला. "आई, जन्मभर कष्ट केलेस. आता दुबई बघायला ये." धुळाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. बायजाच्याही आलं. योगायोग असा, की शिवांशला सांभाळणारी फिलिपिन्सची बाई त्याच आठवड्यात तीन महिन्यांच्या रजेवर तिच्या स्वतःच्या लेकरांकडे निघाली होती. आईच्या नशिबी असे योगायोग फार असतात.

नातवाला मोकळ्या हातानं कसं भेटायचं? बायजानं पेटीतून घोंगडी काढली. काळीभोर, तांबड्या काठाची. लोकर धुळाजीनं स्वतःच्या हातानं कातरलेली, सूत बायजानं दोन पावसाळे चातीवर कातलेलं, आणि विणून आणलेली खास सणगराकडून. धनगराच्या घरात घोंगडी म्हणजे नुसतं अंथरूण नव्हे. तिच्यावर पाहुणा बसतो, तिच्यावर देव बसतो, तिच्यावर बसून भंडारा उचलला की माणूस खोटं बोलत नाही. बोलायचंच असेल तर खाली उतरावं लागतं. बायजाच्या लग्नाच्या बोलण्यात तिचा सासरा असाच घोंगडीवरून उठला, चुलीपाशी जाऊन पाणी प्यायला आणि तिथनंच "शंभर मेंढरं हायेत आमची" म्हणाला. तो का उठला, हे बायजाच्या आईच्या ध्यानात यायला चार दिवस लागले, तोवर हळद लागली होती. मेंढरं निघाली बावीस.

तर ती घोंगडी घेऊन बायजा विमानात बसली आणि एकोणिसाव्या मजल्यावर उतरली.

तिथं पहिल्याच दिवशी वैभवीनं घोंगडी नाकापाशी नेली आणि लांब धरली. "आई, ह्यानं बाळाला ॲलर्जी होईल." घोंगडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गेली, पिशवी गॅलरीत गेली. दुसऱ्या दिवशी बायजाचं लुगडं गेलं आणि तिला गाऊन मिळाला, कारण लुगड्याचा काष्टा लिफ्टमध्ये बरा दिसत नाही म्हणे. लुगडं-घोंगडीचा बंदोबस्त झाल्यावर तिची दुबई सुरू झाली. सकाळी सहाला नातू उठायचा. सातला लेक-सून निघायची. मग बाटल्या उकळायच्या, खिचडी भरवायची, लंगोट नावाची गोष्ट तिथं नसल्यानं ते कागदी प्रकरण बदलायचं, आणि खिडकीतून दुबई बघायची. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची. त्या खिडकीतही एक म्हातारी मूल घेऊन उभी असायची. संध्याकाळी सातनंतर वैभवी दमून यायची, पर्स सोफ्यावर टाकून तशीच डोळे मिटून पडायची, आणि बायजाला तिची कीवही यायची. कीव आली की भाकऱ्याही बायजाच थापायची.

खरी दुबई तिनं बघितली ती एका शुक्रवारी, चाळीस मिनिटं. सगळ्यात उंच मनोऱ्याखाली तिला उभं केलं, फोटो काढला आणि बाळ रडायला लागलं म्हणून घरी आणलं. तो फोटो मालेत पोहोचला आणि धुळाजीनं त्या चाळीस मिनिटांचे तीन महिने केले.

सणवार मात्र दुबईत दणक्यात. मराठी मंडळ मोठं, उत्साह त्याहून मोठा. दसरा गुरुवारी होता, तो शनिवारी केला. तिथं देवीलाही राक्षस मारायला सुट्टीची वाट बघावी लागते. मंडळात सगळे एकमेकांशी इंग्रजीत बोलायचे आणि माईकवरून मराठी वाचवायचे. दिवाळीत दिवे होते, पण सेलवर चालणारे, कारण खरी ज्योत दिसली की छताला टांगलेली घंटा बोंबलते आणि अख्खी इमारत जिना उतरते.

पाडवा बुधवारी होता. मंडळाचा पाडवा शनिवारी. पण मेंढरांना शनिवारचं काय ठाऊक? बायजाच्या घरी पाडव्याला मेंढरं ओवाळायची रीत. शिंगांना गेरू लावायचा, वाड्यात दिवा फिरवायचा. चाळीस वर्षांत तिनं एकदाही चुकवली नव्हती. त्या बुधवारी सकाळी घरात ती, नातू आणि घंटा. तिनं नातवाचं कापसाचं खेळण्यातलं मेंढरू घेतलं, कपाळावर कुंकू टेकवलं आणि घंटेला चुकवून दाराबाहेर, लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत, गव्हाच्या पिठाचा एवढासा दिवा लावून ओवाळायला बसली. समोरचं दार उघडलं. तिथं पंजाबातली एक म्हातारी राहायची, आपल्या पंजाबातली नव्हे, पलीकडच्या. तीही लेकाची दुबई बघायला आलेली, तिच्याही कडेवर नातू. बायजाला तिची भाषा येत नव्हती, तिला बायजाची. पण त्या म्हातारीनं ते मेंढरू बघितलं, दिवा बघितला, आणि स्वतःच्या छातीला हात लावून बोटं दाखवली. चार, पाच, सहा. मग दोन्ही हातांनी धार काढून दाखवली. तिच्या घरी सहा म्हशी होत्या. बायजा तिच्याकडे बघून हसली आणि मग दोघी तिथंच फरशीवर बसून पोटभर रडल्या. अठ्ठ्याऐंशी दिवसांत तिला सण वाटला तो एवढाच.

मंडळाच्या शनिवारच्या पाडव्याला 'आपली माती, आपली माणसं' असा कार्यक्रम होता. पारंपरिक वेशभूषेची स्पर्धा. कुणी कोळीण झालं, कुणी वासुदेव झालं. बायजा मात्र गाऊनवर ओढणी घेऊन मागं बाळाच्या गाडीपाशी बसली होती, कारण बाळ रडलं तर पटकन बाहेर नेता यावं. शेवटी स्टेजवर आल्या नलिनीताई, मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी. धनगरीण झाल्या होत्या. हातात काठी, कपाळभर हळद, आणि खांद्यावर काळीभोर, तांबड्या काठाची घोंगडी.

बायजानं आपलं सूत ओळखलं. एका काठाजवळ तिच्याच हातानं पडलेली गाठ होती.

नलिनीताईंनी एक गिरकी घेतली, घोंगडी खाली अंथरली आणि टाचांच्या चपलांसकट तिच्यावर उभ्या राहिल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिला नंबर. निवेदकानं विचारलं, "इतकी अस्सल घोंगडी मिळाली कुठून?" नलिनीताईंनी कौतुकानं सिद्धनाथकडे बोट केलं. सिद्धनाथच्या हातात माईक आला. त्याची आई वीस हातांवर बसली होती. तो म्हणाला, "गावाकडच्या एका धनगराकडून घेतली."

वाईट कशाचं वाटलं, हे बायजाला नीट सांगता आलं नसतं. चपलांचं वाटलंच. पण बापाचा 'एक धनगर' झाला, हे तिच्या काळजात रुतलं ते रुतलंच. तिनं बाळाची गाडी बाहेर नेली. बाळ रडत नव्हतं. नंतर चहाच्या वेळी नलिनीताईंनी तिच्या हातात आपली पर्स दिली. "मावशी, जरा धरता का? फोटो काढतोय." बायजानं धरली.

परत निघताना, कार्यक्रमाहून पुन्हा गॅलरीत आलेली ती घोंगडीची पिशवी तिनं सामानात घातली. वैभवीला तर जागा मोकळी झाल्याचं बरंच वाटलं.

मालेत धुळाजीनं विचारलं, "अगं, घोंगडी का माघारी आणलीस?"

"तितं थंडी न्हाई," बायजा म्हणाली. ते खरंच होतं.

तेवढ्यावर धुळाजीचं समाधान झालं. उलट ती 'दुबई बघून आलेली घोंगडी' म्हणून त्यानं आल्या-गेल्याला दाखवायला सुरुवात केली. शनिवार-रविवारी धरणाकडं जाणाऱ्या पुण्याच्या गाड्या फाट्यावर थांबतात, माणसं उतरून कोकरू कडेवर घेऊन फोटो काढतात आणि "काका, जरा फेटा बांधा ना" म्हणतात. धुळाजी फेटा बांधतो. वर घोंगडीही खांद्यावर घेऊन सांगतो, "दुबईला जाऊन आलीया ही." बायजा गोठ्याच्या दारातून बघायची आणि आत जायची. तिच्या मनात यायचं, आता सांगून टाकावं. मग त्याचं फुललेलं तोंड दिसायचं. जन्मभर मेंढरांमागं चालून ह्या माणसाला बोलण्यासारखं काही मिळालं असेल तर ही एक दुबई. ती त्याच्याकडून काढून घ्यायचा तिला धीर होईना.

चैत्रात फोन आला. मे महिन्यात ती फिलिपिन्सची बाई पुन्हा रजेवर चालली होती. "आई, या खेपेला सहा महिने राहा, निवांत," सिद्धनाथ म्हणाला. धुळाजीनं बायजाला न विचारताच होकार दिला आणि फाट्यावर जाऊन चहाही पाजला. बायजाला मात्र जायचं नव्हतं. पण जाणार नाही म्हटलं तर का ते सांगावं लागणार, आणि का ते सांगितलं की धुळाजीची दुबई पत्त्यांच्या बंगल्यासारखी खाली येणार. नातवाची आठवण वेगळीच छळत होती. इकडं आड, तिकडं विहीर.

चैत्रातच त्यांच्या घरी बिरोबाचा दिवस असतो. सकाळी अंगणात सारवून देव मांडले, भंडाऱ्याचं ताट ठेवलं, आणि बसायला धुळाजीनं कुठली घोंगडी अंथरावी? तीच. चार माणसं जमली. त्यात धुळाजीचा चुलतभाऊ बहिरू होता. बहिरूचा पोरगा मारुंजीला सोसायट्यांमध्ये पाण्याच्या बाटल्या पोचवणारा टेम्पो चालवतो. टेम्पोच्या गोष्टी फाट्यावर कुणी ऐकत नाही, त्यामुळे बहिरूच्या पोटात दुबई बरेच दिवस दुखत होती.

"दादा," तो म्हणाला, "दुबईत येवढं समदं हाय, मंग वैनी तोंडातनं एक शबूद का काढत न्हाई? का तुमीच रचताया?"

"रचतुया?" धुळाजी तडकला. "मी रचतुया? अगं ए, भाईर ये! बस हितं घोंगडीवर. उचल भंडारा. सांग या बहिरूला."

जगात कुठल्याही शहाण्या माणसानं ही चूक केली नसती. पण धुळाजीचा लेकावर विश्वास होता, आणि त्याहून जास्त स्वतःच्या बोलण्यावर.

"कशाला उगं," बायजा पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "पुरन वाटायचं ऱ्हायलंय."

"ऱ्हाऊ दे. बस."

ती बसली. काठाजवळची गाठ तिच्या मांडीखाली आली. तिनं चिमूटभर भंडारा तळव्यावर घेतला. धुळाजीनं कोर्टातल्या वकिलासारखी सुरुवात केली.

"एकोणीस मजलं लिफ्टीनं चढलीस का न्हाई?"

"व्हय."

"त्यो मनोरा बघितलास?"

"बघितला. मान दुखली."

माणसं हसली. बहिरू हिरमुसला. धुळाजीला चेव आला.

"दिवाळीला आपली हजार मानसं जमली व्हती का न्हाई?"

"लई मानूस व्हतं."

"आन् तुला म्होरं बसवली व्हती!"

"मागं बसले व्हते. पोराची गाडी व्हती संगं."

धुळाजी जरा अडखळला, पण आता थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं शेवटचा, सगळ्यात सोपा प्रश्न काढला. "बरं ते जाऊ दे. लेकानं तुला राणीवानी ठेवली का न्हाई? तेवढं सांग याला."

तळव्यावरचा भंडारा बायजानं हळूच ताटात परत ठेवला. एक कण सांडू दिला नाही. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, घोंगडीवरून खाली उतरली, सारवलेल्या भुईवर अनवाणी उभी राहिली, आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "व्हय. राणीवानी ठेवली."

कुणी हसलं नाही. धनगराच्या अंगणात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बहिरूला तर हवं ते मिळालं होतं. पण त्यानं टोपी उचलली, "वैनी, दुपारी पोळीला येतो," म्हणाला आणि खाली मान घालून गेला. त्याच्यामागं बाकीचीही उठली.

धुळाजी घोंगडीवर तसाच बसून राहिला. घोंगडीच्या काठाकडं बघावं, बायजाच्या पायांकडं बघावं, पुन्हा काठाकडं बघावं. अठ्ठ्याऐंशी दिवस त्याची बायको कुठं होती, हे त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं. सगळ्या गावाला सांगण्यात वेळच मिळाला नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. रविवारचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर सिद्धनाथ, मांडीवर शिवांश. "आबा, आईचं तिकीट काढतोय. दहा मे चालेल ना?"

"तुझ्या आईचा गुडघा…" धुळाजीनं सुरुवात केली आणि सवयीनं एक पाय घोंगडीच्या बाहेर टाकला. बायजा तिथंच उभी होती. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि तो पाय परत आत घेतला.

"गुडघा चांगला हाय तिचा," तो म्हणाला. "धडधाकट हाय. ती येनार न्हाई."

"का? काय झालं? वैभवी काही बोलली का?"

"मला ठावं न्हाई. मी इचारलं न्हाई, ही माजी चूक. तू ये. पोराला घिऊन ये. हितं ह्या घोंगडीवर बस, भंडारा उचल, आन् आईला तूच इचार."

"आबा, कुठली घोंगडी?"

धुळाजीनं फोन खाली फिरवून काळीभोर लोकर आणि तांबडा काठ दाखवला. "हीच. बापाच्या घरची हाय. धनगराची."

त्याला बिचाऱ्याला मंडळाचा माईक ठाऊक नव्हता. त्यानं आपलं साधं बोलणं केलं होतं. पण पलीकडं सिद्धनाथची मान खाली गेली. नुसता शिवांश "आ, आ" करत पडद्यावर हात मारत होता. मग सिद्धनाथ अगदी खालच्या आवाजात "येतो" म्हणाला आणि फोन बंद झाला. कधी येतो ते बोलला नाही. बायजानं पदर डोळ्यांना लावला आणि पुरण वाटायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर पुण्याची एक गाडी थांबली. टपरीवाल्यानं नेहमीसारखं ओरडून सांगितलं, "ह्यांस्नी इचारा, ह्यांस्नी समदी दुबई ठावं हाय!"

धुळाजीनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मला काय ठावं?" तो म्हणाला. "मी कुटं गेलोय?"

आणि मेंढरं त्या दिवशी वेळेवर सुटली.